प्लास्टर घालताना डॉक्टरला जे दिसतं ते पेशंटला सांगितलंच पाहिजे

मनगट मोडलं, भूल देऊन हाड ओढून जागेवर बसवलं, प्लास्टर घातलं, आणि मग पेशंटला काय सांगतात तर "पुढच्या आठवड्यात या, एक्स-रे काढून बघू". बस्स. पेशंट गळ्यात झोळी अडकवून घरी जातो, त्याला वाटतं हाड बसलं म्हणजे काम झालं, आता पाच-सहा आठवडे कळ काढायची. आणि पुढच्या आठवड्यात आल्यावर त्याला एकदम कळतं की हाड सरकलंय, ऑपरेशन करावं लागेल. चेहरा पडतो, घरच्यांना वाटतं पहिल्यांदा नीट बसवलंच नव्हतं, कुणीतरी हलगर्जीपणा केला. बहुतेक वेळा हलगर्जीपणा कुणाचाच नसतो. पण पहिल्याच दिवशी एक्स-रे बघताना डॉक्टरच्या मनात येऊन गेलेलं असतं की हे काही टिकेल असं वाटत नाही, आणि ते त्याने बोलून दाखवलेलं नसतं. माझी सगळी तक्रार या न बोलण्याबद्दल आहे.

मी स्वतः हाडांचा डॉक्टर आहे, त्यामुळे हे बाहेरून बोट दाखवणं नाही, आमच्याच लोकांशी घातलेला वाद आहे. माझं म्हणणं असं की प्लास्टरमधलं मनगट सरकणार की नाही याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, तो पहिल्या दिवशी पेशंटला सांगितलाच पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो अंदाज नुसता हाडाचा असून उपयोग नाही, त्या माणसाच्या हाताचं पुढे काय होणार हे त्यात आलं पाहिजे. आज आपण पहिलं अर्धवट करतो आणि दुसरं जवळजवळ करतच नाही.

आधी हाड का सरकतं ते बघू, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. माणूस पडताना हात पुढे करतो, सगळा भार तळव्यातून रेडियसच्या टोकावर येतो. रेडियस म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं हाड. मनगटाजवळ त्याचं टोक रुंद होतं, आतून जाळीदार असतं आणि बाहेरचं कवच पातळ. धडधाकट मनगटात या टोकाचा सांध्याकडचा पृष्ठभाग तळव्याच्या बाजूला साधारण ११ अंश कललेला असतो आणि करंगळीच्या बाजूला साधारण २२ अंश उतरता असतो. पडल्यावर हे टोक मागे, म्हणजे हाताच्या पाठीच्या बाजूला कलतं आणि हाड आखूड होतं. आपण ते ओढून, वाकवून परत जागेवर आणतो आणि एक्स-रे एकदम छान दिसतो. पण मागच्या बाजूची जी जाळी चिरडली गेलीय ती काही परत फुगत नाही, चिरडलेला थर्माकोल फुगतो का, तसंच. तिथे आत पोकळी राहते. एक्स-रेत टोक सरळ दिसतं पण मागून त्याला आधार नाही, आणि बोटं हलवताना, काही धरताना, नुसतं झोपेत कूस बदलताना सुद्धा दंडाकडून आणि हाताकडून येणारे स्नायू ते टोक खाली खेचत असतात. त्यात पहिल्या आठवड्यात सूज उतरते, सूज उतरली की काल घट्ट असलेलं प्लास्टर आज सैल होतं. मग हाड हळूहळू जिथून आणलं होतं तिकडे परत जायला लागतं. हे बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत होतं, कधी नंतरही.

म्हणजे कुठलं हाड सरकणार हे ओळखायचं तर बघायचं काय, तर पोकळी किती मोठी असेल आणि उरलेलं हाड किती दमदार आहे. १९८९ मध्ये लाफोंतेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच गोष्टी सांगितल्या ज्या आजही परीक्षेला बसणारा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. टोक मागे २० अंशांपेक्षा जास्त कललेलं असणं, मागच्या बाजूला हाडाचा चुरा असणं, फ्रॅक्चरची रेघ सांध्यात गेलेली असणं, शेजारचं अल्ना, म्हणजे करंगळीच्या बाजूचं हाड, पण मोडलेलं असणं आणि वय ६० च्या वर असणं. यातल्या तीन किंवा जास्त असतील तर प्लास्टरमध्ये टिकणं कठीण. सोपं आहे, लक्षात राहतं, म्हणून टिकलं. गंमत नाही करत, पण मला वाटतं ते टिकण्याचं निम्मं कारण हे की बोटांवर मोजता येतं.

पण नंतर काय झालं बघा. २००६ मध्ये एडिंबराहून मॅकेनी, मॅक्वीन आणि एल्टन यांचं काम आलं, जवळपास ४००० मनगटांचं, म्हणजे आधीच्या कामांपेक्षा कितीतरी मोठं. त्यात सगळ्यात भरवशाचे ठरले ते वय, चुरा, आणि रेडियस अल्नाच्या तुलनेत किती आखूड झालंय ते. आणि मागे किती कललंय, ज्याच्याकडे आपण सगळे आधी बघतो, ते जागेवरून हललेल्या फ्रॅक्चरमध्ये अंदाजासाठी फारसं कामाचं निघालं नाही. मग २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या वालेनकाम्प वगैरे मंडळींनी आधीचे अभ्यास एकत्र करून बघितले तर वय ६० च्या वर, मागचा चुरा, आणि पेशंट बाई असणं, हे तीन उभे राहिले, आणि अल्ना मोडणं किंवा रेघ सांध्यात जाणं हे पाठ केलेल्या यादीतले दोन गळाले. इतक्या वर्षांनी सगळ्यांचं एकमत कशावर, तर वय आणि चुरा. दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, हाड आतून किती पोकळ झालंय. बाई असणं पण तेच सांगतं, पाळी गेल्यावर हाडं भराभर विरळ होतात म्हणून.

तरीही ओपीडीत, कॉन्फरन्समध्ये, केसपेपरवर लाफोंतेनचे पाच मुद्दे जसेच्या तसे वापरले जातात, तीन आले की "अनस्टेबल" म्हणजे टिकणार नाही असा शिक्का आणि शिक्का बसला की ऑपरेशन करून धातूची प्लेट. मला हे खटकतं. तीन आले म्हणजे काय १०० टक्के सरकणार? दोन आले म्हणजे नाही सरकणार? ५९ वर्षांच्या बाईचं हाड आणि ६१ वर्षांच्या बाईचं हाड यात असा काय फरक पडतो? धोका चढत जातो, कुठल्या वाढदिवसाला उडी मारत नाही. आणि चुरा आहे की नाही हे तरी कोण ठरवणार, एकच एक्स-रे दोन अनुभवी डॉक्टरांना दाखवा, एक म्हणेल चुरा आहे, दुसरा म्हणेल एक छोटा तुकडा आहे फक्त. बाजूने काढलेल्या एक्स-रेत हात जरासा फिरलेला असला तरी कोन काही अंशांनी बदलतो. पहिल्या दिवशी दुखऱ्या हाताचे एक्स-रे कसे निघतात ते सगळ्यांना माहीत आहे, पेशंट विव्हळत असतो आणि टेक्निशियन बिचारा जमेल तसा काढतो. त्या एक्स-रेवर कोनमापक ठेवून १९ अंश का २१ अंश असा निवाडा करायचा आणि त्यावर माणसाचं ऑपरेशन ठरवायचं, हे बरोबर नाही.

अजून एक गोष्ट आहे जी या कुठल्याच यादीत येत नाही आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. हाड बसवलं कुणी आणि प्लास्टर घातलं कुणी. या सगळ्या याद्यांमध्ये धोका पेशंटच्या अंगात असतो, त्याचं वय, त्याचं हाड, त्याचा चुरा. आमचे हात त्यात कुठेच नाहीत. जॉन चार्नली, ज्यांचं नाव पुढे खुब्याच्या सांधेबदलामुळे जगभर झालं, त्यांनी फार आधी शिकवलं होतं की प्लास्टर म्हणजे नुसती नळी नाही, तीन ठिकाणी दाब देऊन ते हाताला घडवावं लागतं तरच ते हाड धरून ठेवतं. बाहेरून गुळगुळीत, गोल, जाड कापसाचं प्लास्टर दिसायला सुंदर असतं आणि आतलं हाड मोकळं फिरत असतं. उलट टोकाला जाऊन मनगट खूप वाकवून प्लास्टर घालायची एक जुनी पद्धत होती, कॉटन-लोडर म्हणायचे तिला, हाड धरायची पण मनगटातून तळव्यात जाणारी मीडियन नर्व्ह ही नस दाबली जायची आणि बोटं आखडायची म्हणून सोडून द्यावी लागली. म्हणजे हे कौशल्याचं काम आहे. पण आज प्लास्टर कोण घालतं? नवशिका डॉक्टर, गर्दीच्या वेळी, घाईत, कारण सीनियर सगळे ऑपरेशन थिएटरमध्ये प्लेटा बसवत असतात. असं घातलेलं प्लास्टर सैल पडून हाड सरकलं की आपण लिहितो "फ्रॅक्चर अनस्टेबल होतं". फ्रॅक्चर अनस्टेबल होतं की प्लास्टर, हे विचारायला नको का कुणी?

हे नुसतं माझं मत नाही, याला धरून एक फार चांगला अभ्यास आहे. ब्रिटनमध्ये ३६ हॉस्पिटलांत ५०० पेशंटवर झालेली ड्राफ्ट-२ ही चाचणी, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. मागे सरकलेली मनगटं, सगळ्यांची थिएटरमध्ये नेऊन हाडं बसवली, मग निम्म्यांना हाडात धातूच्या बारीक वायर टाकून धरली आणि निम्म्यांना नुसतं घडवलेलं प्लास्टर. वर्षाने पेशंटलाच विचारलं की दुखतं किती, रोजची कामं जमतात किती, तर दोन गटांत फरक नाही. आणि प्लास्टरवाल्यांत पहिल्या सहा आठवड्यांत हाड सरकलं म्हणून ऑपरेशन करावं लागलं ते १३ टक्के लोकांना, वायरवाल्यांत एकाला. हे १३ टक्के दोन्ही बाजूंनी वाचता येतात. प्लेटवाले म्हणतात बघा, आठात एक जण परत थिएटरमध्ये गेला. मी म्हणतो आठातले सात जण ऑपरेशनशिवाय सुटले, आणि जो गेला त्याला धरूनसुद्धा वर्षाअखेरीचा हिशोब सारखाच निघाला. म्हणजे आधी प्लास्टर घालून नीट लक्ष ठेवणं हा कमी दर्जाचा उपचार नाही. पण अट लक्षात घ्या, ती प्लास्टरं थिएटरमध्ये, भूल देऊन, घडवून घातलेली होती, आणि नंतर लक्ष ठेवलं होतं. कोपऱ्यातल्या खोलीत पाच मिनिटांत गुंडाळलेल्या प्लास्टरला हे आकडे लावता येणार नाहीत.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. हाड सरकणार का याचं सगळ्यात भरवशाचं उत्तर देतं ते वय. जितकं वय जास्त तितकं सरकण्याची शक्यता जास्त. बरोबर. पण हाड सरकून थोडं वाकडं जुळलं तर त्या माणसाचं किती बिघडेल, या प्रश्नाचं उत्तर नेमकं उलट्या दिशेने जातं. वय जितकं जास्त तितकं वाकडं मनगट चालून जातं. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला अरोरा यांनी ६५ आणि त्यावरच्या लोकांमध्ये प्लेट आणि प्लास्टर यांची तुलना केली, २०११ मध्ये आली ती. प्लेटवाल्यांचे एक्स-रे सुंदर, पकडीची ताकद थोडी जास्त, पण वर्षाने मनगटाची हालचाल आणि रोजचं काम यात फरक नाही, आणि गुंतागुंती मात्र ऑपरेशनवाल्यांत जास्त. अमेरिकेतल्या हाडांच्या डॉक्टरांच्या मुख्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात हेच लिहिलं की म्हाताऱ्या पेशंटमध्ये ऑपरेशनने पेशंटच्या स्वतःच्या दृष्टीने लांबचा फायदा होत नाही, आणि त्यासाठी पुरावा भक्कम आहे असं म्हटलं.

मग सांगा, नुसतं "सरकणार का" एवढंच सांगणारा स्कोअर घेऊन बसलं तर काय होईल? सगळ्यात जास्त स्कोअर ७५-८० च्या आजींचा येणार, आणि स्कोअर जास्त म्हणून प्लेट त्यांनाच बसणार, ज्यांना तिचा फायदा सगळ्यात कमी आणि भूल, जखम, टाके यांचा त्रास सगळ्यात जास्त. आणि पस्तिशीतला माणूस, ज्याचं हाड दणकट म्हणून स्कोअर कमी, त्याला "तुमचं काही सरकत नाही" म्हणून ढिलं सोडणार, आणि त्याचं सरकलं तर त्याला तो हात पुढे कित्येक वर्षं वापरायचाय. अंदाज बरोबर असूनही निर्णय चुकतो. अंदाजाचा गणिती दर्जा कितीही सुधारा, आकड्यांचे कितीही दशांश काढा, प्रश्नच अर्धा विचारला असेल तर उत्तर अर्धंच येणार. आता कॉम्प्युटरला एक्स-रे दाखवून अंदाज काढायचे प्रयत्न जोरात चाललेत आणि मला त्याचं वावडं नाही, पण त्यांनाही शिकवतात काय तर कोन बदलला की नाही. वर्षाने त्या बाईला किल्ली फिरवता येते का, ओला कपडा पिळता येतो का, खुर्चीच्या हातावर भार देऊन उठता येतं का, हे शिकवायला हवं.

इथे लोक मला लगेच म्हणतात, म्हणजे म्हाताऱ्यांना सोडून द्यायचं का? अजिबात नाही. वय म्हणजे फक्त कागदावरचा आकडा धरून चालणार नाही. ७२ वर्षांची बाई जर काठी किंवा वॉकर त्याच हाताने धरत असेल, किंवा एकटी राहून सगळं स्वतः करत असेल, किंवा वाजवायचं, शिवायचं, लिहायचं काम करत असेल तर तिच्या पकडीतली थोडीशी ताकदही मोलाची आहे, आणि तिला ऑपरेशन हवं असेल तर ते तिचं म्हणणं आहे. हेच तर मी सांगतोय की तिला विचारा. आणि काही फ्रॅक्चरं अशी आहेत की तिथे अंदाजाची भानगडच नको, टोक तळव्याच्या बाजूला घसरलं असेल, किंवा सांध्याचा काठ मनगटाच्या हाडांसकट निसटला असेल, तर ते प्लास्टरमध्ये राहत नाही हे आधीच माहीत आहे. तरुण माणसाच्या सांध्यात २ मिलिमीटरपेक्षा मोठी पायरी राहिली तर पुढे सांधा झिजायची भीती असते, तिथे पण ताटकळत बसू नये.

एक जुनी गोष्ट इथे सांगावीशी वाटते. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये या फ्रॅक्चरचं वर्णन केलं तेव्हा एक्स-रे नव्हताच, रोंटगेनचा शोध १८९५ चा. कॉलिस यांनी बोटांनी चाचपून, हात बघून लिहिलं, आणि त्यांचं निरीक्षण असं होतं की हाताचं व्यंग कायम राहिलं तरी कालांतराने हालचाल मोकळी होते आणि दुखणं जातं. ते जरा जास्तच आशावादी होतं, सगळ्यांचं तसं होत नाही, तरुणांचं तर नाहीच. पण त्यांच्यासमोर फिल्म नव्हती म्हणून ते हाताकडे बघत होते. आम्ही एक्स-रे आल्यापासून फिल्मकडे बघायला लागलो, आणि फिल्मवर वाकडं दिसलं की आम्हाला करमत नाही. एक्स-रे वाकडा म्हणून अस्वस्थ होणारा माणूस बऱ्याचदा पेशंट नसतो, डॉक्टर असतो.

आता सांगण्याबद्दल. माझे सहकारी म्हणतात पहिल्याच दिवशी घाबरवायचं कशाला. माणूस आधीच दुखण्याने हैराण, त्यात त्याला "सरकण्याची शक्यता आहे" म्हणून सांगितलं की झोप उडते. मला हे पटत नाही, कारण आठवड्याने एकदम सांगितल्यावर जी झोप उडते ती जास्त वाईट, तेव्हा निर्णयाला वेळही नसतो. पहिल्या दिवशी सांगितलं तर घरात बोलणं होतं, सोबत कोण येईल, कामावर कोण बघेल, ऑपरेशन हवं की नको, याचा विचार आठवडाभर होतो. दुसरा आक्षेप असा की आकडेच पक्के नाहीत तर सांगायचं काय. तर पक्का आकडा कोण मागतंय? "तुमचं हाड मागून चिरडलेलं आहे आणि वयामुळे विरळ आहे, त्यामुळे प्लास्टरमध्ये ते थोडंफार परत कलण्याची शक्यता बरीच आहे, तसं झालं तरी बहुतेकांचा हात चालतो, दिसायला थोडा वाकडा राहतो, तुम्हाला चालेल का?" हे चार वाक्यांत होतं. किंवा "तुमचं टिकेल असं वाटतंय पण तुमचं वय कमी आहे म्हणून सरकलं तर मी ऑपरेशन सुचवेन, म्हणून पुढच्या आठवड्याची तारीख चुकवू नका." यात कुठे आला दशांश?

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही पण तोच सगळ्यात जोरदार आहे, की सरकलं तर आपल्यावर येतं, त्यापेक्षा प्लेट बसवून टाकलेली बरी. हे मी समजू शकतो, नातेवाईक एक्स-रे उजेडात धरून विचारतात तेव्हा समोर उभं राहणं सोपं नाही. पण आपल्यावर येतं कारण आपण आधी सांगितलेलं नसतं. आणि आपल्या भीतीची किंमत पेशंटने सुरीखाली जाऊन चुकवावी हे कुठल्या हिशोबात बसतं?

अंदाज सांगायचा तर त्याच्या मागोमाग लक्ष ठेवणं पण तसंच हवं. सरसकट सगळ्यांना एकच तारीख देण्यात अर्थ नाही. ज्याचं सरकू शकतं आणि सरकलं तर आपण काही करणार आहोत, त्याला पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात एक्स-रे हवेतच, आणि तारीख तोंडी न सांगता लिहून हवी, कारण तीन आठवड्यांनंतर हाड चिकटायला लागतं, मग ते परत हलवणं जड जातं आणि अजून उशीर झाला तर जुळलेलं हाड कापून सरळ करायची वेळ येते. आणि ज्या आजींचं सरकलं तरी आपण आणि त्यांनी मिळून काहीच करायचं नाही असं ठरवलंय, त्यांना दर आठवड्याला रिक्षा करून, लाइनीत बसवून एक्स-रे कशाला काढायचा? त्यांना बोटं हलवायला शिकवा, खांदा हलवायला शिकवा. तसंच म्हाताऱ्या माणसाचं सरकलेलं हाड परत परत भूल देऊन ओढू नये, जे पहिल्यांदा पोकळीमुळे टिकलं नाही ते दुसऱ्यांदा पण त्याच पोकळीमुळे टिकत नाही. त्याच कागदावर दोन ओळी प्लास्टरबद्दल हव्यात, बोटं बधिर झाली, निळी पडली, दुखणं वाढतच गेलं तर तारखेची वाट न बघता रात्री सुद्धा यायचं. आणि अंगठा अचानक वर उचलता येईनासा झाला तर सांगायचं, कारण अंगठा उचलणारी कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, तुटणं हे न हललेल्या, साध्या वाटणाऱ्या फ्रॅक्चरमध्येही होतं आणि त्याचा अंदाज यातल्या कुठल्याच स्कोअरमध्ये नसतो.

शेवटी एक गोष्ट, जी माझ्या मते या सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. वय ६० च्या वर, बाई, उभ्या उंचीवरून साधं पडणं, मागे चुरा. प्लास्टर टिकणार का हे ठरवायला आपण या खुणा बघतो, आणि त्याच खुणा सांगत असतात की या बाईची हाडं ठिसूळ झालीत आणि पुढचं फ्रॅक्चर मणक्याचं किंवा खुब्याचं असू शकतं. मनगट हे बऱ्याचदा पहिलं मोडणारं हाड असतं, पन्नाशी-साठीत, खुब्याच्या कितीतरी आधी. आपण चुरा बघतो, "अनस्टेबल" लिहितो, प्लेट का प्लास्टर यावर वाद घालतो, सहा आठवड्यांनी प्लास्टर कापतो आणि बाईला घरी पाठवतो, हाडांची घनता तपासायला कुणी लिहून देत नाही, व्हिटॅमिन डी विचारत नाही, औषध सुरू करत नाही, परत पडू नये म्हणून तोल सांभाळण्याचे व्यायाम तर दूरच. मनगट वाकडं जुळलं तर ती चालवून घेईल. खुबा मोडला तर तिचं चालणंच बंद होऊ शकतं. म्हणून ज्या केसपेपरवर "चुरा आहे, वय ६० च्या वर" असं लिहिलं जातं, त्याच्याच खालच्या ओळीत हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन लिहिलेला असावा, त्याच दिवशी, प्लास्टर ओलं असतानाच.